नाल्याअलीकडचं वावर

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सावळदऱ्याच्या सरपंच गोमतीबाई, व्यासपीठावरील ग्रामपंचायतीचे सन्माननीय सदस्य, ग्रामसेवक साहेब, मानोऱ्याहून वेळ काढून आलेले मंडळ अधिकारी साहेब, तांड्याचे नाईक, कारंज्याहून आलेल्या निकिताताई आणि आपले जावई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती प्रयागबाई, आणि समाजमंदिरात जागा मिळालेल्या, न मिळालेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी किशन हेमला आडे. या गावच्या शाळेत उभी हयात मास्तरकी केली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे कान मी पिळलेले आहेत, त्यामुळे आज ते निमूटपणे ऐकतील अशी आशा आहे. सूत्रसंचालकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मास्तरच्या हाती माईक देताना दोन शब्द म्हणणं ही नुसती रीत असते, हे त्यांनाही माहीत आहे. बाहेर चहा ठेवला असेल तर जरा मंद आचेवर ठेवा.

निरोप समारंभ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? तलाठी बदलून चालले, नर्सबाई निवृत्त झाल्या, हेडमास्तर दुसऱ्या गावाला गेले. प्रयागवहिनी कुठल्या नोकरीत नव्हत्या. निवडणुकीला कधी उभ्या राहिल्या नाहीत. मग गावानं त्यांना निरोप का द्यावा? नव्या सुना आहेत, बाहेरगावी राहणारी पोरं आहेत, साहेब मंडळी आहेत. त्यांना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही एकदा नीट ऐकावं. आपण हे आजवर तुकड्या-तुकड्यानं, एकमेकांच्या कानात बोललो. सलग कधी बोललोच नाही.

मंडळी, आपल्या गावाची स्मशानभूमी नाल्यापलीकडे, ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर. ती तिथं कुणी नेमली, आजोबा-पणजोबांनाच ठाऊक. तेव्हा नाला उथळ असेल. पुढे वर बंधारे झाले, पात्र खचलं, काठ तुटले. उन्हाळ्यात त्या नाल्यात पोरं क्रिकेट खेळतात. श्रावण-भादव्यात मात्र तोच नाला बैल वाहून नेतो. आणि माणूस काही मुहूर्त पाहून मरत नाही. पावसाळ्यात गावात मयत झाली की आधी रडणं बाजूला राहायचं, आणि चार माणसं नाल्याचं पाणी पाहायला जायची. उतरलं असेल तर तिरडी डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून जायचं. एकदा एका म्हातारीची तिरडी नेताना पुढच्याच्या हातातलं आगीचं मडकं मध्यधारेत विझलं. लेक तिथंच पाण्यात उभा राहून रडला. ते मी पाहिलं आहे.

पुलासाठी अर्ज झाले का? झाले. प्रत्येक ग्रामसभेत झाले. पण साहेब, रस्ता जिवंत माणूस मागतो, नळ जिवंत माणूस मागतो. मेलेला माणूस मतदान करत नाही आणि ग्रामसभेला येत नाही. पाणी उतरलं की आपणही विसरायचो. पुन्हा पुढच्या पावसाळ्यात कुणी गेलं की आठवायचं.

याच गावात इंद्रभानभाऊ आणि प्रयागवहिनी राहत. खाऊन-पिऊन सुखी घर. रोडला लागून त्यांचं एक वावर, काळं कसदार, गावापासून हाकेच्या अंतरावर आणि नाल्याच्या अलीकडे. हे 'अलीकडे' लक्षात ठेवा. दोन लेकरं. निकिताताई, ज्या आज इथं बसल्या आहेत, आणि त्यांच्या पाठचा हरीओम.

हरीओम माझा विद्यार्थी. अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचो. पुढे शिकायला वाशीमला गेला, पण मन रमेना, परत आला आणि बापाबरोबर शेती करू लागला. गावातल्या म्हाताऱ्या बायांना बाजारातून औषधाच्या गोळ्या आणून देणारा, कुणाची मोटर बिघडली तर तार घेऊन धावणारा. सोयरीक पाहणं सुरू होतं. वहिनी मला म्हणायच्या, "गुरुजी, तुमच्या पाहन्यात पोरगी असन तं सांगा. पन बोलकी पाह्यजे. आमच्या घरातले मानसं मुकेच हायेत."

त्या वर्षी भादव्यात पावसाची झड लागली होती. दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून हरीओम बैल सोडून आणायला गेला. आभाळ फारसं गडगडलंही नाही. वीज पडली. बैल वाचले. बैल दोर ओढत घरी आले आणि मागे कुणी नाही, तेव्हा इंद्रभानभाऊ धावत गेले.

पुढचं सांगणं जड आहे. पंचनामा झाला, दवाखान्यातली चिरफाड झाली, आणि दुसऱ्या दिवशी पोर घरी आलं. तोवर नाला दोन्ही काठ सोडून वाहत होता. भावकी जमली. दोघे-चौघे जाऊन पाणी पाहून आले आणि मान हलवली. बसले सारे ओट्यावर. दुपार कलायला आली. विजेनं गेलेलं अंग, त्यात कापलेलं. किती वेळ ठेवणार? कुणी म्हणालं, शेजारच्या गावात नेऊ. तिकडचा रस्ता तुटलेला. कुणी म्हणालं, उद्या सकाळपर्यंत पाहू. इंद्रभानभाऊ भिंतीला टेकून बसले होते. त्यांना काही विचारलं तरी ते ऐकत नव्हते.

तेव्हा आतून प्रयागवहिनी बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज बसलेला होता. म्हणाल्या, "कायची वाट पाहून राह्यले तुमी?"

रामधनभाऊ म्हणजे इंद्रभानभाऊंचे चुलतभाऊ. भावकीत त्यांचाच शब्द चालायचा. ते म्हणाले, "वयनी, पानी उतरू द्या."

"माह्या लेकराले मी पान्याच्या मर्जीवर ठिवू काय? रोडच्या वावरात न्या."

"तिथं सोयाबीन उभं हाय."

वहिनी पायऱ्या उतरल्या आणि चालायला लागल्या. आपल्याकडे बायका मयतीच्या मागं जात नाहीत. ही बाई मयतीच्या पुढं गेली. आम्ही चार-पाच जण मागं धावलो. पाहतो तर वावराच्या रोडकडच्या कोपऱ्यात वाकून त्या सोयाबीन उपटत होत्या. शेंगा भरत आलेलं पीक, दोन्ही हातांनी, मुळासकट, चिखलासकट. एक-एक झाड उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकत होत्या. मी म्हणालो, वहिनी, आम्ही करतो. त्यांनी मान वर केली नाही. मग आम्हीही वाकलो. मागून आलेलं गावही वाकलं, आणि आम्ही साऱ्यांनी मिळून त्या पोराएवढी जागा मोकळी केली.

सरणाला कोरडं लाकूड नव्हतं. इंद्रभानभाऊंच्या गुरांच्या कोठ्यातले वासे काढले, वर ठेवलेली कपाशीची वाळकी पऱ्हाटी काढली, कोठ्याचे टिनपत्रे उतरवले. पाऊस सुरूच होता. आठ-दहा माणसांनी हात उंच करून ते पत्रे सरणावर धरले. धग लागली की हात बदलायचे. मीही धरला होता. माझ्या शाळेतल्या पोराला ऊन लागू नये म्हणून मी कितीदा त्याला सावलीत बसवलं असेल. त्या दिवशी त्याच्यावर पाऊस पडू नये म्हणून पत्रा धरला.

(कुणीतरी त्या मागच्या पंख्याचा आवाज बंद करा रे. हो. ठीक आहे.)

तर मंडळी, गोष्ट इथं संपली असती तर ती एका घराच्या दुःखाची गोष्ट झाली असती. गावानं हळहळ केली असती आणि पुन्हा पुलाचा अर्ज दिला असता.

पुढच्याच पावसाळ्यात माझे वडील गेले. हेमला आडे, तांड्यातले जुने माणूस. साखर कारखान्यांच्या फडांवर ऊस तोडून त्यांनी मला मास्तर केलं. त्या सकाळी पुन्हा तेच. नाला भरलेला, तांड्यातली माणसं लिंबाखाली पोत्यांच्या खोळी घेऊन उभी, आणि माझी याडी, आम्ही तांड्यात आईला याडी म्हणतो, हिरीबाई, वडिलांच्या उशाशी बसलेली.

तेवढ्यात चिखल तुडवत प्रयागवहिनी आल्या. एकट्या. याडीसमोर बसल्या.

"हिरीबाई, पानी पाह्यलं मी आताच. आज काही उतरत नाही ते. बापूले उचला अन् आमच्या वावरात चाला."

याडीनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाली, "बाई, तिथं तं तुमचा हरीओम..."

"हरीओम गेला, हिरीबाई. वावर हाय अजून."

आम्ही निघालो. वावराच्या धुऱ्यावर भावकी उभी होती. रामधनभाऊ पुढे. रामधनभाऊ आज समोर बसले आहेत. हे सांगू का, असं मी काल त्यांना घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सांगा गुरुजी, जसंच्या तसं सांगा." म्हणून सांगतो. त्या दिवशी ते म्हणाले होते, "वयनी, इथं आपल्या घरचं पोरगं हाय. आज तांडा आनला, उद्या कोनाले आनसान?"

वहिनी म्हणाल्या, "ज्याले नाला वाट देनार नाही त्याले."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकं मेल्यावर कोठं जातीन, ते इचारा त्याईले."

रामधनभाऊंनी वळून इंद्रभानभाऊंना म्हटलं, "भाऊ, तू काहून बोलत नाहीस? वावर तुयं हाय."

इंद्रभानभाऊ जरा मागं छत्री घेऊन उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, तिरडीकडे पाहिलं. मग छत्री शेजारच्याच्या हातात दिली आणि भिजत घराकडे निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझ्या वडिलांना तिथं अग्नी मिळाला. पण मनात सल राहिला. मला वाटलं, या भल्या माणसाला आमची जात खुपली.

तेरवी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, भाऊ, आमच्यामुळं तुमच्या घरात दुखावलं असेल तर माफी असावी. ते बोटांनी ओट्यावरची माती सारत राहिले. मग बोलले. मुक्या माणसाचं बोलणं होतं ते.

"गुरुजी, तुमच्या बापाचा मले राग नाही. हेमलाबापूनं मले खांद्यावर खेळवलं हाय. मले तं तो धूर पाहावत नाही. तिथून धूर निघाला का मले वाटते, माह्या पोराले पुन्हा पेटवून राह्यले."

मी उठून आलो.

त्यानंतर काय झालं, तुम्ही सारे साक्षीला आहात. पावसाळ्यात मयत झाली की माणूस प्रयागवहिनींच्या दारात. वस्तीतला असो, तांड्यातला असो, भावकीतला असो. वहिनी कधी नाही म्हणाल्या नाहीत. रुखमाबाई गेल्या, म्हणजे रामधनभाऊंच्या मंडळी, त्याही ऐन झडीत. तेव्हा रामधनभाऊ दारात आले आणि उंबऱ्याशी खाली मान घालून उभे राहिले. वहिनींनी त्यांना मागचं काही आठवू दिलं नाही. "भाऊजी, पत्रे कोठ्यात हायेत, घेऊन या," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी पत्रे धरायला तांड्यातलीही पोरं होती.

आणि इंद्रभानभाऊ? त्यांनी ते वावर सोडलं. त्या कोपऱ्यापुरतं नाही, अख्खं वावर सोडलं. मक्त्यानं दुसऱ्याला दिलं आणि आपण दुसऱ्या वावराला लांबच्या पांदणीनं जाऊ लागले, रोडचं तोंड दिसू नये म्हणून. आणि वहिनींशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बोलणंच सोडलं.

निकिताताई, तुम्ही परवा हसत हसत सांगितलंत ते मी इथं सांगतो. यांचं लग्न तेव्हा कारंज्याला झालेलं होतं. संध्याकाळी यांना आईचा फोन यायचा. "निकिता, तुया बापाले सांग, भाकर वाढली हाय." मग या कारंज्यातून बापाला फोन लावायच्या, जे त्याच घराच्या ओट्यावर बसलेले असायचे. "बाबा, आई म्हणते जेवून घ्या." "तिले सांग, भूक नाही." पुन्हा आईला फोन. मधे एक भिंत. आणि त्या भिंतीला वळसा घालून शब्द कारंज्यापर्यंत जाऊन परत यायचा. सासरची माणसं हसायची म्हणे. ताईही हसायच्या. फोन ठेवला की न्हाणीत जाऊन रडायच्या.

मी एकदा वहिनींना म्हणालो होतो. म्हटलं, वहिनी, एखाद्या वेळी नाही म्हणून पाहा. भाऊंच्या जिवाला जरा आराम पडेल. त्या म्हणाल्या, "कोन्या तोंडानं म्हनू, गुरुजी? दारात मानूस येऊन उभा राह्यला का मले आमच्या ओट्यावरचा तो दिवस दिसते. मालकालेही तोच दिसते. पन त्याईले वाटते ते बंद व्हावं, अन् मले वाटते दुसऱ्या कोन्या मायवर ते येऊ नये. आता यात कोन चुकलं?"

मंडळी, मी पोरांना इतकी वर्षं चूक आणि बरोबरच्या खुणा करायला शिकवलं. या प्रश्नापुढे मला खूण करता आली नाही.

मग शासनाची योजना आली. स्मशानभूमीला शेड, निवारा, रस्ता मिळणार. पण जागा ग्रामपंचायतीच्या नावावर हवी. सातबारा इंद्रभानभाऊंचा. ग्रामसभा भरली. भाऊ कोपऱ्यात बसलेले. गाव एकजुटीनं त्यांच्या मागं लागलं. देऊन टाका, भाऊ. नाहीतरी तिथं मयतीच होतात, भाऊ. तुमचं नाव राहील, भाऊ. एकजण तर म्हणाला, पोरगं नाही मागं, कुणासाठी ठेवता?

तेव्हा बायकांमधून प्रयागवहिनी उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, या आता नवऱ्याला चार शब्द सांगतील. त्या गावाकडे वळल्या. म्हणाल्या, "कोन बोललं आता? उठा पाहू. कोनी त्याईच्या मागं लागू नका. जागा पाह्यजे तवा माह्या दारात या, मी हावो. पन त्याईच्याजवळ कागद नेऊ नका. तो मानूस रोज मरून राह्यला." आणि बसल्या. ज्या नवऱ्याशी बोलणं नव्हतं, त्याच्यासाठी त्या अख्ख्या गावाशी बोलल्या. इंद्रभानभाऊंनी त्या दिवशी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं असेल.

शेड परत गेलं. दुसऱ्या कुठल्या गावाला लागलं. आपण पुढची काही वर्षं पत्रेच धरले. आपल्यातले काही जण वहिनींवरही चिडले, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

परवाच्या वर्षी इंद्रभानभाऊंना अर्धांगवायू झाला. वाशीमला दवाखाना झाला, मग घरी आणलं. उजवं अंग गेलं, बोलणं मात्र राहिलं. आणि मंडळी, देवाची करणी म्हणा, त्या आजारपणात नवरा-बायको बोलू लागले. वहिनी घास भरवायच्या, पाठ पुसायच्या, आणि भाऊ बोलायचे. निकिताताईंना संध्याकाळचे फोन बंद झाले. ताई मला म्हणाल्या, "गुरुजी, पहिले चार दिवस फोन आला नाही तं मी घाबरली. मग समजलं, आता माह्यी गरज नाही." मी त्यांना एवढं प्रसन्न कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा मी बसलो असताना भाऊ वहिनींना म्हणाले, "एक आयकशीन काय? मले त्या वावरात नको नेऊ."

"बरं."

"नाल्यापल्याड ने. माहा बाप तिथं हाय. माह्या पोराच्या जाग्यावर मले आग लावू नका. तेवढं एक पाहा. मग माह्या मागं त्या वावराचं तुले जे करावं वाटते ते कर. मी हावो तोवर नको."

वहिनी म्हणाल्या, "नेईन. उन्हाळ्यात जासान तं नेईन." आणि दोघंही हसले. मी पाहिलं आहे. मरणाबद्दल बोलता बोलता ते दोघं हसले.

भाऊ वैशाखात गेले. नाला कोरडा ठणठणीत. तिरडी निघाली. रोडनं जाताना ते वावर लागलं, आणि पुढचे खांदेकरी सवयीनं वावराकडे वळले. काय करतील? इतक्या वर्षांची पायाला पडलेली सवय. वहिनी धुऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी हात हलवला. पुढं चला. आम्ही पुढं गेलो. नाल्याची वाळू तुडवत पलीकडे गेलो. ज्या बाईनं गावातल्या कुणालाही आपल्या लेकराशेजारी जागा दिली, तिला आपला नवरा तेवढा लेकराशेजारी ठेवता आला नाही. भाऊंचा शब्द त्यांनी पाळला. पण आम्ही पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा मी मागं वळून पाहिलं. त्या तिथंच उभ्या होत्या.

त्यानंतर फेरफार झाला, वहिनी आणि निकिताताई वारस लागल्या, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर दोघींनी त्या कोपऱ्याचं दानपत्र ग्रामपंचायतीला करून दिलं. सरपंचबाईंनी धावपळ करून शेड मिळवलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. यंदाच्या पावसाळ्यात या गावात पहिल्यांदा कुणालाही पत्रा हातानं धरावा लागला नाही. आता फलकाचा प्रश्न आला. सर्वांचं एकमत होतं, स्वर्गीय हरीओम यांचं नाव द्यायचं. पेंटर बोलावून ठेवला होता. वहिनींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माह्या लेकराचं नाव शाळेच्या हजेरीत होतं, रेशन कार्डावर होतं. आता स्मशानाले देता काय? द्याचंच असन तं शाळेतल्या एखाद्या झाडाले द्या." म्हणून फलकावर नुसतं गावाचं नाव आहे. बाहेरून येणाऱ्यांना वाटत असेल की दात्याचं नाव लिहायला आपण विसरलो. आपण विसरलेलो नाही, साहेब.

जाता जाता सरपंचबाईंना एक विनंती. शेडजवळचा हापसा दोन महिन्यांपासून नुसती हवा फेकतो आहे. माणूस हात-पाय धुवायला गावात येतो. आणि तिकडचा दिवा लागत नाही. आज साहेब इथं आहेत म्हणून म्हटलं. एका बाईनं इतकं दिलं, आपल्याकडून हापशाचं वायसर तरी बदललं जावं. हसू नका, खरंच सांगतो.

आता वहिनींचे गुडघे चालत नाहीत, डोळ्याला कमी दिसतं. मोठ्या घरात एकट्या. ताई आणि जावई त्यांना कारंज्याला नेत आहेत, हे योग्यच आहे. घराला कुलूप लागेल. आपल्याला वाईट वाटेल आणि आपण हळूहळू सरावू.

परवा मी भेटायला गेलो. गाठोडी बांधून झाली होती. बोलता बोलता माझ्या मनात एक गोष्ट आली, पण ती विचारण्यासारखी नव्हती. वहिनींनीच ओळखलं. म्हणाल्या, "गुरुजी, तुमाले इचाराचं हाय ना, मी गेल्यावर मले कोठं आनसान? निकितानंही इचारलं."

मी मान डोलावली.

"पोराजवळ ठेवसान तं मालक नाल्यापल्याड एकले. मालकाजवळ ठेवसान तं पोरगं रुसन, म्हनन मायनं आखरीले मले सोडलं. मी लय इचार केला, गुरुजी. निकिताले सांगून ठिवलं, मले कारंज्यातच राहू दे. गावात आनू नका. दोघाईलेही वाटू द्या, माय लेकीच्या घरी गेली हाय."

वहिनी, तुम्ही हे मला कुणाला सांगू नका असं म्हणाला नव्हतात, म्हणून सांगितलं. आपण आज यांना शाल देऊ, नारळ देऊ, साडी-चोळी करू. टाळ्याही वाजवू. पण कुणीही त्यांना "पुन्हा या" म्हणताना जरा जपून म्हणा. त्यांनी आपल्याला सारं काही दिलं, आणि स्वतःसाठी या गावात जागा ठेवली नाही.

मला इतका वेळ बोलू दिलंत, अध्यक्षांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, त्याबद्दल ऋणी आहे. समाजमंदिर झाडून काढणाऱ्या बचत गटाच्या भगिनींचे, माईकवाल्या पोरांचे, आणि आपली जुनी गोष्ट उघड करू देणाऱ्या रामधनभाऊंचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाच्या घरची मयत काढली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाच्या दुखऱ्या जागी हात लागला असेल, तर मास्तर म्हातारा झाला असं समजून पोटात घाला. आणि वहिनी, तुमच्या घरातलं दुःख मी तुमच्यासमोर असं भर सभेत मांडलं, त्याची क्षमा मी सर्वांत आधी तुमच्याकडे मागतो.

माझे दोन शब्द इथं थांबवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.